पुराव्याशिवाय बाण नाही : अन्नजाळं शिकवताना

कुर्ल्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : ‘मुलं गवत–टोळ–बेडूक–साप–गरुड ही साखळी घडाघडा म्हणतात. पण बेडूक नाहीसे झाले तर काय होईल असं विचारलं, की अख्खा वर्ग “साप मरतील” एवढं बोलून थांबतो. निम्म्या मुलांचे बाण उलटे असतात. शाळेला मैदान नाही, सहलीची परवानगी सहजी मिळत नाही आणि हातात चारच तासिका. अन्नजाळं आणि सजीवांमधले संबंध शिकवू कसे, आणि परीक्षेत विचारू काय?’

ताई, सव्वीस वर्षं मी मुंबईतल्या मराठी शाळांमधून जीवशास्त्र शिकवते आहे. तुम्ही लिहिलंत ते सगळं माझ्या वर्गातही घडलेलं आहे, आणि त्यात मुलांचा दोष फार थोडा आहे असं माझं ठाम मत झालं आहे. ती पाच जीवांची साखळी बघा. कुर्ल्याच्या चाळीत राहणाऱ्या कुठल्या मुलाने बेडकाला टोळ खाताना पाहिलंय? सापाने बेडूक गिळलेला पाहिलाय? गरुड तर लांबच राहिला. जे पाहिलं नाही, ज्याचा माग काढता येत नाही, ते पाठ करण्यावाचून मुलापुढे दुसरा मार्गच उरत नाही. म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे : पुराव्याशिवाय बाण काढायचा नाही.

वहीत बाण काढला की त्यावर बारीक आकडा घालायचा आणि पानाच्या खाली त्या आकड्यापुढे पुरावा लिहायचा. पुराव्याचे प्रकार तीनच. ‘मी खाताना पाहिलं’, ‘मी खूण पाहिली’ आणि ‘मला अमक्याने सांगितलं’. तिसऱ्या प्रकारात सांगणाऱ्याला ते कसं कळलं हेही लिहायचं. पुस्तकातली माहितीसुद्धा तिसऱ्या प्रकारातच जाते. मुलांना हे आधी विचित्र वाटतं, पण दोन दिवसांत ती एकमेकांचे बाण तपासायला लागतात. ‘तुला कसं माहीत?’ हा प्रश्न एकदा वर्गात शिरला की अर्धं काम झालं.

आता उलट्या बाणांचं. याचं कारण बरेच जण मुलांच्या दुर्लक्षात शोधतात, मला ते आपल्या वाक्यात सापडलं. ‘साप बेडकाला खातो.’ या वाक्यात साप आधी येतो, म्हणून हात सापापासून निघतो आणि बेडकावर जाऊन थांबतो. मूल वाक्य काढतं, अन्नाचा प्रवास काढत नाही. ‘बाणाचं टोक खाणाऱ्याकडे’ असं कितीही घोकून घेतलं तरी परीक्षेत हात पुन्हा वाक्याच्या मागे धावतो. मी वाक्यच बदललं. ‘बेडूक सापाच्या पोटात गेला.’ आता शब्दांचा क्रम आणि बाणाची दिशा एकच झाली. प्रत्येक बाण काढताना हे वाक्य मोठ्याने म्हणायचं, ‘अमुक तमुकच्या पोटात गेलं’. महिनाभर हे पाळलं की उलटे बाण जवळजवळ बंद होतात.

मैदान नाही म्हणता, पण शाळेच्या आसपास रुई नक्की असेल. रेल्वेच्या कडेला, पाडलेल्या इमारतीच्या राडारोड्यावर, नाल्याच्या भिंतीलगत, कुठेही रुई उगवते. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही. अन्नजाळ्याच्या पहिल्या धड्यासाठी मुंबईत याहून चांगलं झाड मला माहीत नाही, कारण एका झाडावर सगळी पात्रं हजर असतात आणि ती पळून जात नाहीत. कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा, म्हणजे बारीक किड्यांचा थवा, चिकटलेला असतो, झाडाचा रस शोषत. त्याच शेंड्यावर लाल-काळा ढालकिडा (लेडीबर्ड) मावा खाताना दिसतो, आणि त्याच्या शेजारी काळी, काटेरी, ढालकिड्यासारखी मुळीच न दिसणारी अळी, जी ढालकिड्याचंच पिल्लू असते आणि त्याच्याइतकाच मावा फस्त करते. मुंग्या खालीवर करत असतात. माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी आणि कडक झालेले दिसतील. भिंग धरून बघा, एखाद्याच्या पाठीला गोल भोक असेल. माव्याच्या अंगात गांधीलमाशीच्या कुळातल्या अगदी चिमुकल्या माशीने अंडं घातलेलं होतं, तिची अळी माव्याला आतून खाऊन मोठी झाली आणि भोक पाडून बाहेर पडली. माशी दिसली नाही तरी चालेल. भोक ही खूण आहे, दुसऱ्या प्रकारचा पुरावा.

पानं कुरतडलेली असतील तर खाली वाकून बघायला सांगा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी सापडली तर ती प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरातही ते उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. इथे मुलांना मी एक जोड देते. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी रंगाने हुबेहूब प्लेन टायगरसारखी असते. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीच्या जातीवर वाढतात, अंगात ते विष नाही, तरी सारखेपणामुळे पक्षी तिलाही टाळतात. दोन प्राणी एकमेकांना खात नाहीत, एकमेकांच्या अंगालाही लागत नाहीत, तरी एकाच्या असण्याने दुसऱ्याचा जीव वाचतो. हे ऐकल्यावर वर्ग खरोखर गप्प होतो.

रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट. पान, फूल काहीही तोडायचं नाही, हात मागे बांधून बघायचं, आणि परत आल्यावर साबणाने हात धुवायचे. वर्गात पन्नास मुलं असतील तर एकदम नेऊ नका. दहा-दहाचे गट करून मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर दहा मिनिटं पुरतात, आणि याला सहलीची परवानगी लागत नाही, मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की झालं.

झाड अजिबातच नसेल तर खिडकीतून बाहेर बघा. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याच्या पाइपाशेजारी पिंपळ उगवलेला असतो. मुलांना विचारा, हा तिथे गेला कसा? वडा-पिंपळाची फळं खाणारा कुणीतरी, तांबट, बुलबुल, कोकीळ, साळुंकी किंवा रात्री वटवाघूळ, तिथे बसला आणि त्याच्या विष्ठेतून बी पडलं. ‘पिंपळाचं फळ पाखराच्या पोटात गेलं’ या बाणाचा पुरावा भिंतीतून डोकं बाहेर काढून उभा आहे.

आता स्वयंपाकघर. आठ-दहा वर्षांपूर्वी मी फळ्यावर समुद्रातली साखळी काढत होते : सूक्ष्म वनस्पती, मग जवळा, मग बोंबील, मग मोठे मासे. मागच्या बाकावरचा खारदांड्याचा एक मुलगा म्हणाला, “बाई, बोंबलाच्या पोटात बोंबीलपण असतो.” मी विचारलं, तुला कसं माहीत? तो म्हणाला, आई साफ करते तेव्हा निघतो. मला तोवर हे माहीत नव्हतं. घरी जाऊन वाचलं तर खरंच, बोंबील मुख्यतः जवळा आणि लहान मासे खातो, आणि त्यात आपल्याच जातीची पिल्लंही असतात. त्या दिवशी फळ्यावर पहिल्यांदा एक बाण बोंबलापासून निघाला आणि वळून बोंबलाकडेच परत आला.

तेव्हापासून मासे खाणाऱ्या घरांतल्या मुलांना मी सांगते, घरी मासे साफ होताना आईशेजारी बसा, पोटात काय निघालं ते बघा आणि लिहून आणा. शक्य झालं तर फोटो काढा. वर्गात मासा आणू नका. आपल्या वर्गात न खाणारी मुलं असतात, त्यांना वासाचा त्रास होतो, आणि एका तासिकेसाठी कुणाला अवघडून टाकण्यात अर्थ नाही. न खाणाऱ्या घरांतली मुलं तांदळातला किडा, डाळीतला सोंडा, कुंडीतल्या जास्वंदावरचा पिठ्या ढेकूण, ट्यूबलाइटपाशी पाल कोणते किडे टिपते हे लिहून आणतात. पालीचं निरीक्षण तर रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटांत होतं आणि त्याला पहिल्या प्रकारचा पुरावा मिळतो.

बोंबील–जवळा या जोडीवर एक प्रश्न हटकून विचारा. आपण बोंबील खातो, वाळवलेला जवळाही खातो. मग आपण बोंबलाचे भक्षक की स्पर्धक? मुलं दोन तट करून भांडतात. दोन्ही बरोबर आहेत हे त्यांचं त्यांनाच उमगू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

दादर, गिरगाव किंवा जुहूच्या चौपाटीवर रविवारी जाणारी मुलं असतातच. त्यांना मूठभर रिकामे शिंपले आणायला सांगा. काही शिंपल्यांना टाचणीच्या डोक्याएवढं, अगदी गोल, कडा आत उतरलेलं भोक असतं. लहानपणी आपण अशा शिंपल्यांची माळ ओवायचो. ते भोक वाळूत राहणाऱ्या एका समुद्री गोगलगायीने पाडलेलं असतं. ती शिंपल्याला पायाने घट्ट धरते, कवच मऊ करणारा स्राव सोडते आणि दातेरी जिभेने खरवडत आत शिरून मांस खाते. लाटांनी घासून पडलेलं भोक वेडंवाकडं असतं आणि बहुधा शिंपल्याच्या फुगीर टोकाशी असतं. हा फरक मुलांना ओळखू द्या, मग पन्नास शिंपल्यांपैकी किती शिकार झालेले आणि किती नाही हे मोजून शेकडेवारी काढू द्या. रिकाम्या शिंपल्यावरून मारेकरी शोधायचा म्हटल्यावर जो मुलगा एरवी वही उघडत नाही तोही मोजायला बसतो.

खडकाळ किनाऱ्यावर, म्हणजे हाजी अली किंवा वांद्र्याच्या बाजूला, मुलांना नेता आलं तर उत्तमच, पण वेळ नीट बघा. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून खोल ओहोटी सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी त्याच सुमाराला मिळते. दुपार सत्रातल्या मुलांना सकाळी नेणं सोपं पडतं. पावसाळ्यात मुळीच नेऊ नका. खडकावर काही उचलायचं नाही, ओळखीचं नसलेलं काही हाताळायचं नाही, आणि पाणी वळायच्या आत बाहेर यायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, ‘साप मरतील’ म्हणून थांबणारा वर्ग. थांबण्याचं कारण असं, की साखळीत एका कडीला एकच शेजारी दिसतो. मुलं वरच्या शेजाऱ्याकडे बघतात आणि खालच्याला विसरतात. शेजाऱ्याच्या शेजाऱ्यापर्यंत तर कुणीच जात नाही. याला माझ्याकडे एक साधन आहे, आणि ते गणिताच्या बाईंकडून घेतलेलं आहे. सातवीत मुलं पूर्णांकांचा गुणाकार शिकतात, उणे गुणिले उणे बरोबर अधिक. तेच इथे वापरा. बेडूक टोळांना कमी करतो, हा संबंध उणे. टोळ गवताला कमी करतो, हाही उणे. मग बेडूक गवतासाठी काय? अधिक. बेडूक गवताला कधी शिवत नाही, तरी गवताच्या बाजूने आहे. बेडूक गेले तर गवत घटेल, हे उत्तर मुलं स्वतः काढतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठी मी हा धडा दर वर्षी वाट बघून घेते.

पण इथेच थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. जाळ्यात उंदीर आणा. साप उंदीरही खातो. आता बेडूक गेले तर उंदरांचं काय? एका गटाचं म्हणणं, बेडूक गेले, साप उपाशी राहिले, साप घटले, म्हणून उंदीर वाढतील. दुसरा गट म्हणतो, साप उपाशी कशाला राहतील, ते उंदरांवर तुटून पडतील, उंदीर घटतील. दोन वाटा, दोन उलट उत्तरं, आणि दोन्हींमागे तर्क धड आहे. ‘बाई, बरोबर कोणतं?’ असं विचारतात तेव्हा मी म्हणते, ठरवायला काय माहीत असावं लागेल ते सांगा. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, त्या भागातला साप बेडूक किती खातो आणि उंदीर किती ते. म्हणजे पुन्हा पुरावाच. माझ्या कागदावर म्हणूनच तीन रकाने असतात : वाढेल, घटेल, सांगता येत नाही. तिसऱ्या रकान्यात ‘कारण’ लिहिलं तरच गुण. अनेक शिक्षकांना हा तिसरा रकाना आवडत नाही, पळवाट वाटते. मला तो या संपूर्ण धड्यातला सर्वांत प्रामाणिक रकाना वाटतो. अन्नजाळ्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही तिथेच उभं राहून काम करावं लागतं.

त्याचं एक उदाहरण मी नेहमी गोष्टीसारखं सांगते, पण शेवट आधी सांगत नाही. १९६३ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञांनी साधारण ८ मीटर लांब आणि २ मीटर उंचीचा पट्टा निवडला आणि त्यावरचे सगळे तारामासे काढून टाकले. परत आले की पुन्हा काढले. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा तिथला मोठा भक्षक, तो शिंपले, गोगलगायी असं बरंच काही खायचा. आता मुलांना विचारा, काय झालं असेल? जवळजवळ सगळी म्हणतात, मारणारा गेला, सगळे वाढले असतील. झालं उलटं. मूळच्या १५ जातींपैकी शेवटी ८ उरल्या. आपल्याकडच्या शिणाण्यांच्या कुळातल्या शिंपल्यांनी खडक व्यापून टाकला आणि बाकीच्यांना चिकटायला जागाच ठेवली नाही. तारामासा त्यांना खाऊन सगळ्यांसाठी जागा मोकळी करत होता. अशा जातीसाठी पेन यांनी १९६९ मध्ये कमानीच्या मधल्या दगडावरून शब्द घेतला, आपण तिला कळीची प्रजाती म्हणतो. ‘खाणारा वाईट, खाल्ला जाणारा बिचारा’ ही मुलांच्या मनातली मांडणी या एका गोष्टीने मोडते. फक्त गोष्ट सांगण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या. न लिहिता ऐकलं तर सगळे म्हणतात, मला वाटलंच होतं.

दुसरं उदाहरण आपल्या मलबार हिलचं. डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीसाठी शतकानुशतकं गिधाडांचा आधार होता. १९९० च्या दशकापासून देशभरातून गिधाडं झपाट्याने गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कारण कळलं : गुराढोरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतात जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं. पण मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे भरपाई फार सावकाश होते. मुलांना विचारा, हे औषध कुणाच्या पोटातून कुणाच्या पोटात गेलं? बाण अन्नाचेच आहेत, त्यावरून अन्नाबरोबर विषही चाललं. मग पुढचा प्रश्न : मेलेल्या जनावरांचं मांस आता कुणाला मिळालं? कुत्रे हे उत्तर येतंच. कुत्रे वाढले तर? कुणीतरी पिसाळलेल्या कुत्र्याचं नाव काढतं. औषधाच्या बाटलीपासून रेबीजपर्यंतची वाट मुलं स्वतः चालून जातात. अंत्यविधीचा उल्लेख आदराने करा, आणि वर्गात हसू फुटायच्या आत सांगा की मृत देह पक्ष्यांना देणं हे या समाजाच्या श्रद्धेत पवित्र कर्तव्य आहे.

गिधाड विघटक नव्हे, ही गल्लत इथेच सोडवा. ते मृतभक्षक, मांस गिळून पोटात पचवणारं. विघटक म्हणजे बुरशी आणि जिवाणू. आणि विघटकांना साखळीच्या अगदी शेवटी, गरुड मेल्यावर, बसवण्याची पद्धत मला पटत नाही. आपल्या खाडीकाठी बघा. तिवराचं पान झाडावर असताना ते खाणारे थोडे. ते चिखलात पडतं, त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात, आणि असा कुजका चुरा खेकडे, कोळंबीची पिल्लं, आणि निवटे (चिखलावर फिरणारे मासे) ज्यांच्यावर जगतात ते बारीक जीव खातात. इथे साखळी मेलेल्या पानापासून सुरू होते. जाळ्याला दोन दारं आहेत, एक हिरवं आणि एक कुजलेलं, असं मी सांगते.

बिबट्याबद्दल मुलं विचारणारच, त्याला टाळू नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला बिबट्या चितळ, सांबर खातो तसे कडेच्या वस्तीतले कुत्रेही खातो. हे कसं कळलं? बिबट्याच्या विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून. हा पुरावा सांगितल्यावर मुलं नाक मुरडतात आणि विसरत मात्र कधी नाहीत. आता जाळं मागे न्या. कुत्रा काय खातो? हॉटेलाबाहेरचा उरलेला भात, कचरा. भात कुठून आला? तांदूळ बाहेरगावच्या शेतातला. म्हणजे बोरिवलीच्या बिबट्याचा एक उत्पादक शेकडो किलोमीटरवरच्या शेतात उभा आहे. ‘या जाळ्यातला उत्पादक कुठे आहे?’ हा प्रश्न शहरातल्या मुलांना आवर्जून विचारा. कबुतराच्या दाण्याला, घारीच्या कचऱ्याला, उंदराच्या गोदामाला, सगळ्यांना तो लागू पडतो. आरे आणि उद्यानातल्या पाड्यांवरची मुलं तुमच्या वर्गात असतील तर त्यांना वाघोबाबद्दल बोलू द्या. बिबट्याशेजारी राहायचं कसं याचं ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, पुस्तकात ते दोन ओळींत मावत नाही.

मोठा प्राणी म्हणजे वरची पातळी, हा गैरसमज शिवडीचे रोहित (फ्लेमिंगो) दाखवून एका मिनिटात जातो. त्यांतला लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) हा माणसाच्या कमरेपर्यंत येणारा पक्षी, आणि जगतो मुख्यतः सूक्ष्म शैवालावर. तो प्राथमिक भक्षक. त्याच्याहून कितीतरी लहान ढालकिडा द्वितीयक.

ऊर्जेसाठी फार वेळ घालवू नका. एक लिटर पाण्याची बाटली घ्या. त्यातलं १०० मिलिलिटर दुसऱ्या भांड्यात, त्यातलं १० तिसऱ्यात, त्यातलं १ मिलिलिटर सुई काढलेल्या सिरिंजने चौथ्यात. बाकीचं पाणी कुंडीत ओता आणि सांगा, हे श्वसनात, हालचालीत, उष्णतेत आणि न खाल्लेल्या भागात गेलं. चौथ्या भांड्याच्या तळाशी थेंब बघून बिबटे कमी का आणि मावा अगणित का हे समजतं. १० टक्के हा ठोकताळा आहे, कायदा नाही, एवढं मात्र सांगा. प्रत्यक्षात कुठे कमी, कुठे जास्त असतं.

सुतळीच्या गुंडाळ्याचा खेळ, ज्यात मुलं गोलात उभी राहून एकमेकांकडे सुतळी फेकतात, सगळ्या प्रशिक्षणांत शिकवला जातो. मीही पूर्वी धड्याची सुरुवात त्यानेच करायचे. मुलं खूश होतात, ‘सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे’ म्हणतात, आणि बाण पुन्हा उलटे काढतात, कारण सुतळीला दिशा नसते. शिवाय एक ओढली की सगळे हलतात, आणि खऱ्या जाळ्यात तसं होत नाही. काही दुवे दोरखंडासारखे असतात, काही कोळ्याच्या धाग्यासारखे. आता मी हा खेळ अगदी शेवटी घेते. ज्या बाणाला भक्कम पुरावा त्याला जाड सुतळी, कधीमधी खाण्याला शिवायचा दोरा. आणि सुतळी नेहमी खाल्ला जाणारा देतो, खाणारा घेतो, तोंडाने ‘मी तुझ्या पोटात’ म्हणत.

सजीवांमधले संबंध मात्र अन्नजाळ्याच्या कागदावर कोंबू नका, वेगळा कागद घ्या. त्यावर दोन जीवांच्या मध्ये दोन चिन्हं, याला काय मिळालं आणि त्याला काय मिळालं. रुईवरच्या मुंग्या आणि मावा : मुंग्यांना माव्याचा गोड स्राव मिळतो, माव्याला ढालकिड्यापासून थोडं संरक्षण, दोन्हीकडे अधिक. रुईचं फूल आणि मोठा काळा भुंगा, तेही तसंच. आरेच्या तबेल्यातली म्हैस आणि गायबगळा : म्हशीच्या पायांनी उडालेले किडे बगळा टिपतो, त्याला अधिक, म्हशीला बहुधा शून्य. कावळा आणि कोकीळ : कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तिला अधिक, कावळ्याला उणे. हे कुणी कुणाला खात नाही, म्हणून इथे बाण नाही. एप्रिल-मे मध्ये पहाटे कोकीळ ओरडतो आणि कावळे त्याच्या मागे लागतात, ते का, हे मग मुलं घरच्यांना समजावतात.

इथे भाषा सांभाळा. ‘मुंगी माव्याला मदत करते’, ‘त्यांची मैत्री आहे’ असं आपण सहज बोलून जातो. मुंगी स्वतःच्या पोटासाठी येते. गोड स्राव आटला तर काही जातींच्या मुंग्या मावाच खातात. म्हणजे चिन्ह बदलू शकतं. मैत्री हा शब्द एकदा डोक्यात बसला की हे बदलणं मुलांना पचत नाही.

तुमच्या चार तासिका मी अशा वापरेन. पहिलीत रुई आणि बाण, दुसरीत घरून आणलेले पुरावे आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं जाळं, तिसरीत चिन्हांचा गुणाकार, पेन आणि गिधाडं, चौथीत संबंधांचा कागद आणि बाटली. सुतळी जमली तर ऑफ तासाला.

परीक्षेत ‘अन्नजाळ्याची व्याख्या लिहा’ विचारावं लागलंच तर एका गुणाला विचारा. त्याऐवजी मुलांनी न पाहिलेलं छोटं जाळं द्या, सहा जीवांचं, आणि त्यातला मधला एक काढा. ‘ज्याला तो शिवत नाही अशा एका जीवाचं काय होईल? वाट लिहा.’ दोन गुण वाटेला, एक उत्तराला. दुसरा प्रश्न : ‘वहीतला तुझा कोणता बाण तुला सर्वांत कमी खात्रीचा वाटतो आणि तो पक्का करायला तू काय बघशील?’ मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं, ‘मी मांजर उंदीर खाते असा बाण काढला होता. पण आमच्या चाळीतली मांजर उंदराकडे बघतसुद्धा नाही, ती कोळणीच्या टोपलीखाली बसते. मी आठ दिवस बघून मग बाण ठेवेन किंवा खोडेन.’ मी तिला पूर्ण गुण दिले.

आणि एक. हा धडा वेळापत्रकात जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर मुख्याध्यापकांना सांगून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्या. मुंबईच्या धो धो पावसात रुईवरचा मावा धुऊन जातो. थंडी पडायला लागली की शेंडे पिवळे दिसू लागतात, आणि ढालकिडे त्यामागून येतात.